गेममधलं गाव चालतं ठेवायचं तर: गल्ली, कट्टा आणि रेल्वे गेट कसं बांधावं

गेमसाठी गाव बांधणाऱ्याची नजर आधी कौलांवर जाते, मग भिंतींच्या रंगावर, मग देवळाच्या शिखरावर. गाव उभं राहतं, त्यात पन्नास माणसं सोडली जातात, आणि पाच मिनिटांत निम्मी माणसं कुठल्यातरी कोपऱ्यात भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय मारत असतात. खापर फुटतं पाथफाइंडिंगवर, म्हणजे इंजिनाच्या वाट शोधण्यावर. बहुतेक वेळा त्याचं काही चुकलेलं नसतं. गाव दिसण्यासाठी बांधलेलं असतं, चालण्यासाठी नाही.

इथे एक गाव मुळापासून बांधू. नमुना आपल्याच भागातला घेऊ: बेळगावच्या गल्ल्या, शहापूर-वडगावचे बोळ, टिळकवाडीतली रेल्वे गेटं, खानापूरकडची उतरत्या कौलांची घरं, गोकाकचा झुलता पूल. इंजिन गोडो ४ धरलंय, कारण ते फुकट आहे आणि कॉलेजातल्या पोरांच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. युनिटी किंवा अनरियल वापरणाऱ्यांना मेनूतली नावं वेगळी दिसतील, रीत तीच. तिन्ही इंजिनांत नेव्हमेश (माणसांना चालता येईल अशा जागेची जाळी) तयार करण्याचं मूळ तंत्र मिक्को मोनोनेन यांच्या रिकास्ट या मुक्त लायब्ररीतूनच आलेलं आहे.

माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. गर्दी चालण्यानं होत नाही, थांबण्यानं होते. संध्याकाळी बेळगावच्या गणपत गल्लीत उभं राहून बघा: रस्ता अडतो तो चालणाऱ्यांमुळे नव्हे, भाव करायला थांबलेल्यांमुळे आणि "दोन मिनिटांत आलो की" म्हणून लावलेल्या स्कूटरमुळे. म्हणून आपण रस्ते नंतर आखू. आधी थांबण्याच्या जागा.

पहिलं काम कागदावर

इंजिन उघडू नका. एका कागदावर गावातली माणसं आणि त्यांची दिवसभराची कामं लिहा. विणकर सकाळी घरून मागावर जातो, दुपारी कट्ट्यावर बसतो, संध्याकाळी बाजारात. आजी देवळात, मग भाजीला, मग शेजारणीच्या सोप्यात. पोरं शाळेत, मग मैदानावर. प्रत्येक कामाची एक जागा असते. त्या जागेवर एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं थांबतील, हा आकडा तिच्यापुढे लिहा. भाजीच्या गाड्यापाशी ३, नळावर ६, देवळासमोर १५, बसस्टँडवर २०.

हा आकडा म्हणजे त्या जागेचे ठिय्ये. इंजिनात प्रत्येक ठिय्या म्हणजे एक मार्कर: उभं कुठे राहायचं आणि तोंड कुठे करायचं एवढंच तो सांगतो. माणूस कामाला निघताना आधी ठिय्या राखून ठेवतो, मग चालायला लागतो. सगळे भरलेले असतील तर तो दुसरं काम निवडतो. राखीव ठिय्या काम संपल्यावर सोडायचा असतो, आणि वाटेत बेत बदलला तरी सोडायचा असतो. हे दुसरं बरेच जण विसरतात, आणि तासाभरानं गावातली सगळी दुकानं "भरलेली" दिसतात, समोर मात्र कुणी नसतं.

हा उद्योग कशाला? दुकानाचा मध्यबिंदूच लक्ष्य म्हणून दिला तर काय होतं ते बघा. तो बिंदू फळीच्या आत, चालता न येणाऱ्या जागेत असतो. इंजिन त्याच्या सर्वांत जवळचा चालण्याजोगा बिंदू शोधतं, आणि तो सगळ्यांसाठी एकच निघतो. दहा माणसं त्या एका बिंदूसाठी एकमेकांना ढकलत राहतात.

ठिय्ये वाहत्या रस्त्यावर ठेवू नका. दुकानासमोर रस्त्याच्या कडेला मीटरभर खोलीची खाच सोडा आणि गिऱ्हाइकाला तिथे उभं करा. विहिरीला चारी बाजूंनी वाट ठेवा. देवळाचं दार थेट चौकात उघडत असेल तर देऊळच पाच-सहा मीटर मागे घ्या आणि पुढे अंगण सोडा. जुन्या देवळांपुढे अंगण असतंच, आणि गेममध्येही ते जागा वाया घालवत नाही.

इंजिनाला गाव कसं दिसतं

इंजिनाला घर, गल्ली, कट्टा यातलं काही कळत नाही. बेक करताना, म्हणजे चालण्याची जागा आधीच मोजून ठेवताना, ते सगळ्या भूमितीचे बारीक चौकोनी ठोकळे करतं, आणि ज्या ठोकळ्याच्या माथ्यावर उभं राहता येईल, डोक्यावर पुरेशी मोकळी उंची असेल, चढ फार नसेल, तेवढे ठेवतं. मग भिंतीलगतची एक पट्टी कापून टाकतं, माणसाच्या अर्ध्या रुंदीएवढी. उरलेल्या भागाचे बहुभुज करतं. हाच नेव्हमेश.

त्यावर वाट शोधायचं काम ए-स्टारचं. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६८ साली ही पद्धत मांडली, ती शेकी नावाच्या यंत्रमानवाच्या कामातून. आजही गेममध्ये तीच. ए-स्टार कोणकोणत्या बहुभुजांतून जायचं ते ठरवतं, आणि मग त्या पट्ट्यातून दोरी ताणल्यासारखी सरळ वाट काढली जाते. ताणलेली दोरी कोपऱ्यांना घासूनच जाते, त्यामुळे प्रत्येक माणूस प्रत्येक कोपरा अगदी आतून कापतो. दोन बाजूंनी येणारे नेमके कोपऱ्यावर भिडतात ते यामुळे. उपाय सोपा आहे: नाक्यावरच्या घरांचे कोपरे थोडे छाटा. जिथे बैलगाडी वळवायची असे, तिथे जुनी घरंही कोपऱ्याला गोलाई द्यायची.

आता मापं

सगळ्यात जास्त गावं इथे फसतात, म्हणून थोडं तपशिलात जाऊ.

गोडोत एजंट रेडियस (एजंट म्हणजे चालणारा माणूस, रेडियस म्हणजे त्याची अर्धी रुंदी) मुळात ०.५ मीटर असतो आणि सेल साइझ, म्हणजे ठोकळ्याची बाजू, ०.२५. म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर कापला जातो. मीटरभर रुंदीचं दार बंदच झालं, आणि आपल्याकडची जुनी दारं तर त्याहून अरुंद. नवखा माणूस मग रेडियस ०.३ करतो आणि दार तरीही उघडत नाही म्हणून चक्रावतो. कारण असं, की रेडियस नेहमी सेलच्या पूर्ण पटीत वर ओढला जातो. ०.२५ च्या सेलमध्ये ०.३ म्हणजे दोन सेल, म्हणजे परत ०.५.

माझी शिफारस: सेल साइझ ०.१५, रेडियस ०.३, दाराची मोकळी रुंदी किमान १.२ मीटर. दोन्हीकडून ०.३ गेल्यावर ०.६ उरतात, म्हणजे चार सेल. एवढ्यात वाट खात्रीनं तयार होते. दाराचं मॉडेल नाजूक दिसायला हवं असेल तर चौकट जाड करा, भोक मोठं ठेवा. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये नकाशाचा सेल साइझही तेवढाच करायला विसरू नका. दोन्हींत फरक पडला की इंजिन इशारे देतं आणि नेव्हमेशच्या कडा जुळत नाहीत.

सेल आणखी बारीक का करू नये? २०० गुणिले २०० मीटरच्या गावाला ०.२५ च्या सेलनं ६ लाख ४० हजार उभे रकाने लागतात, ०.१ च्या सेलनं ४० लाख. बेकचा वेळ आणि मेमरी दोन्ही त्या प्रमाणात वाढतात. युनिटीची कागदपत्रंही साधारण हेच सांगतात: रेडियसमागे तीन ठोकळे पुरेत, घराच्या आत अडचणीची जागा असेल तर चार ते सहा, आणि आठाच्या पुढे फारसा फायदा नाही.

रस्त्यांची रुंदी. बोळ १.५ मीटरचा असेल तर तो एकेरी समजा. दोन माणसं समोरासमोर आरामात जायला २ मीटर मोकळे लागतात. गल्ली ३ ते ३.५ मीटर. बाजाराचा हिशेब वेगळा: रुंदी ६ मीटर धरली तर दोन्हीकडच्या गाड्यांना १.२ प्रमाणे २.४ गेले, दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना ०.९ प्रमाणे १.८ गेले, आणि मध्ये वाहतुकीला उरले १.८. म्हणजे शेजारी-शेजारी तीन माणसं. सहा मीटरपेक्षा अरुंद बाजार करूच नका.

यावर कुणीतरी म्हणणारच, की एवढ्या रुंद गल्ल्या बेळगावच्या वाटत नाहीत, कुठल्यातरी लेआऊटच्या वाटतात. खरं आहे. पण अरुंदपणा डोळ्याला वाटतो तो वरच्या बाजूनं. जमिनीवर ३.६ मीटर ठेवा आणि दोन्हीकडच्या पागोळ्या ०.९ मीटर पुढे काढा, वर आकाश फक्त १.८ मीटर दिसेल. त्यात विजेच्या तारा, वाळत घातलेलं लुगडं, माडीची गॅलरी, पताका. खेळणाऱ्याला गल्ली अंगावर येईल आणि खाली माणसं निवांत चालतील. सगळी दाटी डोक्याच्या वर भरायची.

पायरी, उंबरा, कट्टा, माडी

एजंट मॅक्स क्लाइंब म्हणजे किती उंचीची पायरी एका दमात चढायची. हा आकडा सेल हाइटच्या (ठोकळ्याच्या उंचीच्या) पटीत खाली ओढला जातो, म्हणजे रेडियसच्या उलट. सेल हाइट ०.१ आणि क्लाइंब ०.२ ठेवला तर उंबरा सहज ओलांडला जातो आणि ०.४५ मीटरचा कट्टा अडतो. आपल्याला तेच हवंय, कारण कट्ट्यावर बसायचं असतं, त्यावरून शॉर्टकट मारायचा नसतो. जिथे वर चढायचंच आहे, तिथे दिसायला पायऱ्या ठेवा आणि टक्करीसाठी त्यांच्याखाली न दिसणारा उतार. ०.४५ मीटरला ०.९ मीटर लांबीचा उतार दिला की चढ सुमारे २७ अंशांचा होतो. मुळातली मर्यादा ४५ अंश आहे, पण तिच्या काठावर काही बांधू नये. खऱ्या पायऱ्या बेक करायला गेलात तर पायऱ्यांची रुंदी आणि सेल यांचा मेळ बसत नाही, आणि कुठली तरी एक पायरी गायब होते.

जुन्या घरातला माडीवर जायचा जिना शिडीसारखा उभा असतो. त्याला उतार बसणारच नाही. तिथे नेव्हिगेशन लिंक टाका: खाली एक टोक, वर एक टोक, मध्ये चढण्याचं ॲनिमेशन.

दाराची फळी बेकमध्ये घेऊच नका. नेव्हमेश उंबऱ्यावरून सलग जाऊ द्या, आणि माणूस मीटरभर जवळ आला की फळी उघडा. फळी आतल्या बाजूला उघडली तर गल्लीतला माणूस अडत नाही.

कौलांवरची माणसं

मंगलोरी कौलांचं छप्पर साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर असतं. इंजिनाची मर्यादा ४५. म्हणजे इंजिनाच्या हिशेबानं गावातलं प्रत्येक छप्पर हे एक सुंदर मैदान आहे. सगळ्या कौलांवर नेव्हमेशची निळी बेटं तयार होतात. वाट तिकडे नसली, तरी "जवळचा बिंदू" शोधताना माणूस किंवा त्याचं लक्ष्य तिथे जाऊन चिकटू शकतं. मग सकाळी गाव जागं होतं तेव्हा दोन-चार जण कौलांवर उभे असतात.

बेकला सगळं दृश्य खाऊ घालू नका. सोर्स जॉमेट्री गटावरून निवडायची सोय आहे. "चालण्याचं" नावाचा एक गट करा आणि त्यात जमीन, जोती, उतार, भिंती एवढंच टाका. छप्पर, पागोळ्या, पाट्या, तारा, कुंड्या बाहेर. पागोळ्या आत राहिल्या तर आणखी एक घोळ होतो. पावसाच्या भागात त्या खाली उतरलेल्या असतात, आणि एजंटची उंची १.८ ठेवलेली असेल तर १.७ मीटरवरच्या पागोळीखालची सगळी जागा "डोकं लागतं" म्हणून कापली जाते. गल्ली दोन्हीकडून अरुंद होते, आणि जमिनीवर शोधून कारण सापडत नाही.

भूमिती घेताना दिसणाऱ्या मेशपेक्षा स्थिर कोलायडरवरून, म्हणजे टक्करीसाठी दिलेल्या न दिसणाऱ्या साध्या आकारावरून घ्या. खेळ चालू असताना परत बेक करायचं असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण मेशची माहिती ग्राफिक्स कार्डाकडून मागे आणावी लागते आणि खेळ अडखळतो. झाडाला फक्त बुंध्याचा कोलायडर द्या.

रस्त्यांचं जाळं

प्रत्येक महत्त्वाच्या जागेला किमान दोन वाटा. बेळगावच्या किल्ल्यासारखी खंदकानं वेढलेली वस्ती करणार असाल तर ती दिसायला झकास, पण सगळी माणसं ठरावीक दारांतूनच जाणार. तिथे दार चार मीटरचं करा, आणि आत शिरल्या-शिरल्या रस्ता फोडा. दारासमोर पहारेकऱ्याचा, भिकाऱ्याचा, फुलवालीचा ठिय्या नको. त्यांना बाजूला बसवा.

बाजारही एकच नको. बेळगावात खडे बाजार दोन आहेत: एक शहरातला, एक शहापुरातला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, त्यामुळे त्याची पेठ वेगळी वाढली. गेमच्या दृष्टीनं ही फार कामाची रचना. अर्धं गाव एका बाजारात, अर्धं दुसऱ्यात, आणि मधला रस्ता मोकळा. चाळीसपेक्षा जास्त माणसं असतील तर नळ, चहाची टपरी, किराणा दुकान यांच्या जोड्या करा आणि गावाच्या दोन टोकांना ठेवा.

आता भाव. प्रत्येक नेव्हिगेशन रीजनला (नेव्हमेशच्या एका तुकड्याला) ट्रॅव्हल कॉस्ट देता येते, म्हणजे तिथलं अंतर इतक्या पटीनं जास्त मोजायचं. हमरस्ता १, बोळ १.५, शेतातली पायवाट २.५, दुसऱ्याच्या घराचं परडं ५. एवढ्यानं माणसं शहाण्यासारखी वागायला लागतात. नाहीतर सर्वांत जवळची वाट म्हणून ती पाटलांच्या माजघरातून आरपार जातात. भाव १ च्या खाली नेऊ नका, ए-स्टारचा अंदाज चुकतो आणि भलतीच वाट निघते. वेगवेगळ्या रीजनमध्ये गाव विभागताना एक बघा: शेजारचे दोन तुकडे वेगळे बेक केले की दोन्हींच्या कडेला रेडियसएवढी पट्टी कापली जाते, आणि मध्ये ०.६ मीटरची फट पडते. बेकच्या सेटिंगमधलं बॉर्डर साइझ त्यासाठीच आहे.

रेल्वे गेट

टिळकवाडीत राहणाऱ्याला पहिलं गेट, दुसरं गेट म्हणजे काय ते सांगायला नको. गेममध्ये गेट ठेवलं की गावाला जीव येतो. पण सरळ मार्गानं केलं तर ते फसतं.

सरळ मार्ग असा: रुळांची पट्टी नेव्हमेशमधून वगळायची, गेटवर एक लिंक टाकायची, गाडी आली की लिंक बंद, गेली की चालू. आता काय होतं? लिंक बंद झाली की पलीकडची लक्ष्यं गाठता येत नाहीत. अशा वेळी गोडो वाट नाकारत नाही. लक्ष्याच्या सर्वांत जवळ पोचणाऱ्या बिंदूपर्यंतची वाट देतं. तो बिंदू गेटपाशी नसतो, तो लक्ष्याच्या समोर, रुळांच्या कुंपणाला लागून असतो. त्यामुळे माणसं गेटवर थांबायच्या ऐवजी अर्धा किलोमीटर कुंपणाच्या कडेनं पसरतात आणि पलीकडच्या दुकानाकडे टक लावून उभी राहतात.

म्हणून लिंक कायम चालूच ठेवा. माणूस लिंकपाशी पोचला की एजंट "लिंक रीच्ड" असा सिग्नल देतो. तो आला की गेटची अवस्था तपासा. बंद असेल तर माणसाला जवळचा रिकामा ठिय्या द्या आणि थांबवा. उघडलं की ओळीनं सोडा, दोघांमध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर ठेवून.

ठिय्ये दोन्ही बाजूंना रस्त्याच्या फक्त डाव्या अर्ध्यात. खऱ्या गेटवर काय होतं ते आपण रोज बघतो: गेट पडलं की दोन्हीकडे अख्खा रस्ता भरतो, आणि उघडलं की दोन्ही फौजा समोरासमोर. खरी माणसं शिव्या देत का होईना, वाट काढतात. एनपीसी, म्हणजे गेमनं चालवलेली माणसं, काढत नाहीत.

रुळांवरून दुसरीकडे पूल ठेवला असेल तर सगळ्यांनी थांबावं असंही नाही. नेव्हिगेशन लेयर (कुणाला कुठून जाता येईल ते ठरवणारे गट) ३२ असतात. गेटच्या लिंकला वेगळा लेयर द्या. उतावळ्या स्वभावाच्या काही जणांच्या एजंटमधून तो लेयर तात्पुरता काढा, की ते आपोआप पुलावरून वळसा घेतील. गाडी गेली की परत जोडा.

अरुंद पूल

गोकाकच्या धबधब्याजवळचा झुलता पूल घ्या. अशा पुलावर दोन्हीकडून माणसं आली की मध्यावर कोंडी ठरलेली, आणि ती आपोआप सुटत नाही. इथे हुशारी माणसांकडे देऊ नका, पुलाकडे द्या. पुलाला दोन गोष्टी लक्षात ठेवायला सांगा: सध्या दिशा कुठली आणि पुलावर किती जण. त्याच दिशेचा माणूस आला तर सोडा. उलटा आला तर टोकाशी थांबवा. एका दिशेनं आठ जण गेले की त्या दिशेचे पुढचे थांबवा, आणि पूल रिकामा झाला की दिशा बदला. हा आठाचा नियम नसेल तर सकाळी बाजाराकडे जाणारी रांग संपतच नाही, आणि पलीकडचा म्हातारा दुपारपर्यंत उभा राहतो.

दीड मीटरच्या बोळालाही हीच युक्ती लागू पडते. मात्र बोळ लहान असेल तर लिंकचा दुतर्फा पर्याय काढून तो सरळ एकेरी केलेला बरा.

एकमेकांना चुकवणं

गोडोचा अव्हॉयडन्स जवळ येणाऱ्याचा वेग बघून आपला वेग वळवतो. पण त्याला नेव्हमेशचा पत्ता नसतो. गर्दीत एखादा माणूस ढकलत-ढकलत कट्ट्यावर किंवा गटारात जाऊ शकतो. म्हणून गल्लीच्या दोन्ही कडांना टक्कर देणाऱ्या भिंती असाव्यात, नुसता रंग नको.

आणखी एक साधी गोष्ट, जिचा फायदा अव्हॉयडन्सच्या सगळ्या सेटिंगपेक्षा जास्त: सगळ्यांना डावीकडून चालवा. वाटेतला पुढचा बिंदू चालण्याच्या दिशेच्या डावीकडे ०.४ मीटर सरकवायचा, आणि सरकलेला बिंदू परत नेव्हमेशवर आणायचा. समोरून येणारे आपोआप ०.८ मीटरनं चुकतात. दोन मीटरपेक्षा अरुंद जागी हे बंद ठेवा.

डोक्यावर ओझं घेतलेली बाई, म्हातारा, गाय यांना अव्हॉयडन्सची प्रायॉरिटी जास्त द्या. जास्तवाला वळत नाही, कमीवाला वळतो. बैलगाडीला मात्र माणसांचा नेव्हमेश चालणार नाही. तिला मोठ्या रेडियसचा वेगळा नेव्हमेश, वेगळ्या नकाशावर, आणि तिच्या वाटा फक्त हमरस्त्यावर.

स्कूटर, मांडव आणि इतर अडथळे

पाच-दहा सेकंद थांबणाऱ्या वस्तूसाठी काही करू नका, अव्हॉयडन्स पुरतो. दिवसभर उभ्या राहणाऱ्या वस्तूसाठी तो पुरत नाही, कारण तो वाट बदलत नाही, फक्त वेग बदलतो. माणूस उभ्या ट्रकच्या मागच्या फळक्याला घासत राहतो. तिथे नेव्हमेश परत बेक करावा लागतो.

गणपतीचा मांडव हे उत्तम उदाहरण. गल्लीत दहा-बारा दिवस मांडव पडतो, अर्धा रस्ता जातो. गल्लीचा रीजन वेगळा ठेवलेला असेल तर तेवढाच तुकडा दुसऱ्या थ्रेडवर बेक होतो आणि बाकीचं गाव चालू राहतं. त्याहून सोपं म्हणजे मांडवासह आणि मांडवाविना असे दोन नेव्हमेश आधीच बेक करून ठेवायचे आणि सणाच्या दिवशी बदलायचे. मी हेच करतो. बदलल्यावर चालत्या माणसांना नवी वाट मागायला लावा, पण सगळ्यांना एकाच फ्रेममध्ये नको. एका फ्रेमला पाच-सहा जण घ्या.

वाटेची मागणी एरवीही जपून करा. दर फ्रेमला लक्ष्य पुन्हा पुन्हा लिहिलं की दर फ्रेमला वाट पुन्हा मोजली जाते. काम बदललं तरच लक्ष्य बदला. आणि खेळ सुरू झाल्याच्या पहिल्याच क्षणी लक्ष्य देऊ नका. तोवर नकाशा जुळलेला नसतो, रिकामी वाट मिळते आणि माणूस दिवसभर दारात उभा राहतो. एक फिजिक्स फ्रेम जाऊ द्या.

वेळापत्रक

शाळा आठला, माग आठला, बाजार आठला असं ठेवलं की आठला गाव तुंबणारच. प्रत्येकाच्या निघण्याच्या वेळेत गेममधला अर्धा तास मागेपुढे करा. परतण्याच्या वेळेतही. शाळेचं दार आणि बाजाराचं तोंड एकाच चौकात नको.

तपासणी

डीबग मेनूतून नेव्हिगेशन दिसेल असं करा आणि गावावरून एकदा कॅमेरा फिरवा. निळी पट्टी कुठे तुटली, कुठे चिंचोळी झाली, कौलांवर कुठे बेट राहिलं, हे दहा मिनिटांत दिसतं.

मग एक छोटी स्क्रिप्ट लिहा. ती प्रत्येक ठिय्यापासून दुसऱ्या प्रत्येक ठिय्यापर्यंत वाट मागेल. चाळीस ठिय्ये असतील तर १,५६० वाटा. एकेरी बोळांमुळे जाण्याची आणि येण्याची दोन्ही तपासायची. वाटेचा शेवटचा बिंदू लक्ष्यापासून अर्ध्या मीटरपेक्षा लांब असेल तर ती जोडी छापा. वाटेची लांबी सरळ अंतराच्या तिप्पट निघाली तरी छापा, बहुधा तिथे एक बोळ कमी आहे. ही स्क्रिप्ट दर बेकनंतर चालवायची.

शेवटी दोनशे बिनडोक माणसं सोडा, जी नुसती या ठिय्यावरून त्या ठिय्यावर जातात. चालायच्या अवस्थेत असूनही तीन सेकंदांत अर्धा मीटर न सरकलेला माणूस अडकला असं धरा आणि ती जागा नोंदवा. मीटरभराच्या चौकटीत नोंदी मोजून नकाशावर रंग भरला की गावाची दुखणी लाल दिसतात. लाल ठिपका रस्त्याच्या मध्यात क्वचितच सापडतो. तो दुकानाच्या तोंडाशी, दाराशी किंवा नळाशी असतो. तिथे रस्ता रुंद करायच्या आधी ठिय्ये मागे सरकवून बघा.

खेळातही अडकलेल्यांसाठी हीच ओळख वापरा: पहिल्यांदा नवी वाट, दुसऱ्यांदा मीटरभर मागे येऊन दुसरा ठिय्या, तिसऱ्यांदा खेळणाऱ्याची नजर तिकडे नसताना उचलून जागेवर ठेवणं. तिसऱ्याची लाज वाटायचं कारण नाही, पण त्याची नोंद ठेवा. एकाच जागी ते वारंवार होत असेल तर बांधकाम बदला.

खेळणाऱ्याला स्वतः भिंती बांधायची मुभा असेल तर वरची स्क्रिप्ट लहान रूपात तिथेही लागते. भिंत ठेवण्याआधी ती धरून तेवढा तुकडा बेक करा, आजूबाजूच्या घरांपासून चौकापर्यंत वाट निघते का ते बघा. निघत नसेल तर भिंत लाल दाखवा आणि कुणाचं घर बंद होतंय त्याचं नाव खाली लिहा.